भंडारा न उचललेली सून

भरे नावाच्या गावात कुणाचा पोरगा तलाठी झाला तर चौकात फ्लेक्स लागतो, फौजदार झाला तर मिरवणूक निघते. शुभांगी समुपदेशक व्हायला निघाली तेव्हा भावकीने एवढंच विचारलं, "म्हंजी येड्यांची मास्तरीण व्हनार का?" आणि सगळे हसले. त्या हसण्यात गंमत कमी आणि विष जास्त होतं. दोन पोरांच्या आईने पुन्हा कॉलेजचं तोंड बघावं, हेच मुळात कुणाला पटलं नव्हतं. सासूबाई सारजाबाई तर भाकरी थापता थापता तव्याला ऐकवायच्या, की काही बायांना घरच्यांशी बोलायला सवड नसते, पण गावच्या बायांची रडगाणी ऐकायला असते. तवा बिचारा काय बोलणार? शुभांगीही बोलत नसे.

ती या वाटेला गेली त्याचं कारण घरातच होतं, आणि ते घराला नको होतं. तिची थोरली जाऊ विहिरीत गेली. पाय घसरला, असं घराने सांगितलं आणि गावाने ते मुकाट मानलं. आदल्या दिवशी हीच जाऊ ओट्यावर तिच्याशेजारी मेथी निवडत बसली होती. "मला आता कायबी गोड लागत न्हाई," असं म्हणाली होती. त्यावर शुभांगीने उठून तिला जास्त साखरेचा चहा करून दिला. त्या चहाची तिला आजही लाज वाटते. ऐकायचं कसं ते आपल्याला येत नव्हतं, ते शिकायचं, एवढ्या हट्टापायी तिने पुण्यात एम.ए.ला नाव घातलं.

वर्गातला अभ्यास संपला होता. आता पिरंगुटजवळच्या एका धर्मादाय दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसायचं, येईल त्याचं ऐकायचं आणि शुक्रवारी बावधनला, कामावर देखरेख करणाऱ्या निरंजन सरांपुढे, आपण कुठे चुकलो ते सांगायचं. ठरलेले तास भरले की पदवी हातात. नियम कडक होता. खोलीतलं बोलणं सरांखेरीज बाहेर कुणाकडे जाता कामा नये. इतकंच काय, एखादं माणूस आपल्याकडे येतं की नाही, हेसुद्धा बाहेर कळता कामा नये. नियम मोडला की शिक्षण तिथंच संपलं. शहरात हे सोपं आहे, तिथे शेजारच्या दाराचं आडनाव माहीत नसतं. इकडे एसटीतून कोण उतरलं आणि त्याच्या पिशवीत काय होतं, ही बातमी तो माणूस घरी पोचायच्या आधी पोचते.

आणि एका मंगळवारी खोलीत आली ती चंद्राबाई. शुभांगीच्या नवऱ्याची, शेखरची, चुलत आत्या. मुठा गावात दिलेली. भावकीचा कारभार ज्यांच्या मिशीवर चालतो त्या हैबतरावांची सख्खी बहीण. घरी गुडघा दाखवायला जाते म्हणून सांगून आली होती. नात्यातलं माणूस दुसऱ्याकडे द्या, असं सर म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. पण चंद्राबाई हटून बसली. दुसऱ्या कुणापुढे तोंड उघडणार नाही म्हणाली. शेवटी सरांनी नाइलाजाने हो म्हटलं.

ती आत काय बोलली ते शुभांगीने कुणाला सांगितलं नाही, तेव्हा मीही सांगणार नाही. एवढं मात्र सांगतो, की जमीन किंवा सही हा शब्द शुभांगीच्या तोंडून एकदाही निघाला नाही.

हे सांगायला लागतं, कारण पुढचं सगळं त्यावरूनच झालं. भावकीची वरच्या अंगाची सामाईक जमीन बंगल्यांच्या प्लॉटसाठी जायची होती. बहिणींनी हक्क सोडायचा आणि भावांनी साडीचोळी करून पाठवायचं, ही इकडची रीत. हक्क सोडला नाही तर माहेर सुटलं. बाकीच्या बहिणी सह्या करून, साड्या घेऊन गेल्यासुद्धा. चंद्राबाई मात्र पौडच्या रजिस्टर ऑफिसच्या पायरीवरून माघारी फिरली. सगळा व्यवहार अडला. त्यात शेखरचाही हिस्सा होता, त्यामुळे आग भावकीत लागली तशी घरातही लागली.

हैबतरावांच्या पोराने, वाल्मीकने, टेम्पो चालवताना आत्याला दवाखान्याच्या मागच्या दाराने शिरताना पाहिलं होतं. झालं. बहिणीला स्वतःची अक्कल असू शकते, हे भावकीच्या डोक्यात यायला अजून दोन पिढ्या लागतील. तिला कुणीतरी शिकवलं असणार, आणि शिकवणारी आयती घरात होती.

रविवारी सकाळी खंडोबाच्या देवळात भावकी बसली. ताम्हणात हळदीचा भंडारा होता आणि वर बेलाचं पान. या गावात पोलीस स्टेशनला खोटं बोलणारे आहेत, कोर्टात खोटं बोलणारे आहेत, पण भंडारा उचलून खोटं बोलायला भल्याभल्यांचे हात कापतात. आणि जो उचलत नाही तो चोर, याला पुरावा लागत नाही. चंद्राबाईलाही मुठ्याहून आणवलं होतं. ती खांबाशी पदर ओढून बसली होती.

हैबतराव त्या दिवशी फार गोड बोलले, म्हणजे शुभांगीने घाबरायला हवं होतं. "तू आपली सून हायेस. उचल भंडारा आन म्हन, म्या चंद्रीला काय शिकवलं न्हाई. मोकळी व्हशील."

वाक्य खरं होतं. ते म्हटलं असतं तर त्याच घटकेला सुटका होती. पण ते म्हणायचं म्हणजे खोलीत काय बोलणं झालं नाही ते सांगायचं, म्हणजेच चंद्राबाई आपल्याकडे येते हे भर देवळात कबूल करायचं. शेखर कानाशी येऊन दातओठ खात म्हणाला, की शिकवलं नाहीस ना, मग उचल की, माझी अब्रू कशाला घालवतेस?  शुभांगीने ताम्हणाकडे पाहिलं, खांबाकडे मात्र पाहिलं नाही.

"माझ्याकडं कोण येतं आणि कोण येत नाही, हे मी कुठंच बोलत नाही तात्या. देवापुढंसुद्धा नाही."

देवळात सगळे एकदम बोलायला लागले. सारजाबाईंनी सुनेकडे पाठ फिरवली, ती पुढे कितीतरी दिवस फिरलेलीच राहिली. हैबतराव मात्र शांतपणे बहिणीकडे वळले आणि म्हणाले, चंद्रे, मग तू उचल.

चंद्राबाई उठली. भावाकडे बघत ताम्हणात हात घातला, मूठ भरली आणि म्हणाली, "हिनंच मला सांगितलं, सही करू नगं म्हून."

शुभांगीच्या अंगाची लाही लाही झाली. खोटं, हा एक शब्द जिभेच्या टोकावर आला होता. पण तोही बोलायची सोय नव्हती. खोटं म्हणायचं तर खरं काय तेही सांगायला लागलं असतं. तिने तोंडात मिठाची गुळणी धरली आणि भावकीने त्या गप्प बसण्याचा हवा तो अर्थ लावला. दुसऱ्या दिवशी चंद्राबाईने पौडला जाऊन सही केली. तिला साडी मिळाली.

शुभांगीला काय मिळालं? शेखरने गाडीची किल्ली काढून घेतली. सारजाबाईंनी चूल वेगळी मांडली आणि पोरांना आपल्या ताटात जेवायला बसवलं. समोरच्या घरी हळद होती, त्याचं बोलावणं तिला सोडून सगळ्यांना आलं. निरंजन सरांना तिने फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, आता या बाईंना तुम्ही बघणं कुणाच्याच हिताचं नाही. आल्याच तर एकदा नीट निरोप घ्या आणि दुसऱ्याकडे सोपवा. नाही आल्या तर उत्तमच.

मंगळवारी शुभांगी बसने दवाखान्यात गेली. चंद्राबाई येणार नाही, अशी तिची खात्री होती. येऊ नये, अशी इच्छाही होती.

चंद्राबाई आली. नवी साडी नेसली नव्हती. खुर्चीच्या कडेला टेकली तेव्हा शुभांगीला तिच्या नखांच्या कडेला राहिलेलं भंडाऱ्याचं पिवळं दिसलं आणि तिला त्या हातावर फटका मारावासा वाटला. निरोपाचं वाक्य तिने पाठ करून आणलं होतं. ते बोलायच्या आधीच चंद्राबाई रडायला लागली.

"शुभांगे, त्या दिशी देवळात म्या जे केलं ते कुनाला सांगू? नवरा गावभर करंल. देवाला सांगायला तोंड न्हाई. तू येकलीच हायेस, जी कुनाला सांगत न्हाईस. भाऊ म्हनला व्हता, हिचं नाव घे, न्हाईतर..."

खोलीचं दार लावायचं राहून गेलं होतं. चंद्राबाईची त्याकडे पाठ होती, शुभांगीचं तोंड. बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर, दाराजवळच, वाल्मीक येऊन बसत होता. आत्यावर पाळत ठेवायला बापाने पाठवला असणार. बसता बसता त्याने मान इकडे कलती केली.

आणखी एकच वाक्य. शुभांगीने काही बोलायचं नव्हतं, कुणाला काही सांगायचं नव्हतं, नियमही मोडायचा नव्हता. नुसतं बसून राहायचं होतं. चंद्राबाई आपल्या तोंडाने बोलली असती, वाल्मीकने आपल्या कानांनी ऐकलं असतं, त्याच्या तोंडात तीळ भिजत नव्हता, आणि बातमी तिच्या आधी घरी पोचली असती. शेखरला कळलं असतं. पोरं पुन्हा तिच्या ताटात जेवली असती. चंद्राबाईचं काय झालं असतं? काय व्हायचं ते होवो, तिने कुठे शुभांगीचा विचार केला होता?

"थांबा आत्या," शुभांगी म्हणाली.

ती उठली, वाल्मीकच्या डोळ्यांत बघत तिने दार लावलं आणि आतून कडी घातली. मग खुर्चीत येऊन बसली.

"मला तुमचा राग आलाय. लई राग आलाय. आता बोला."