माह्या हातची शिलाई

कागद बघून पुस्तकाचं वय सांगतो, असा माझा तोरा होता. दोन हजार पाच साली गोंदियाच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं विकणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईकडे मी एक पुस्तक उचललं. साल छापलेलं पान वाळवीनं खाल्लेलं.

"तीस वर्षांचं असेल," मी म्हणालो.

तिनं पुस्तक घेतलं, पण उघडलं नाही. पुठ्ठा निघालेल्या त्याच्या पाठीवर अंगठा फिरवत दोऱ्याच्या एका गाठीशी थांबली.

"तीस कायले? माह्या हातची शिलाई होय. लगन झालं अन् प्रेसचं काम सुटलं. त्याले चाळीसच्या वर वर्सं झाले."

"वाचलंय तुम्ही?"

"मले वाचता नाही येत जी. पान ओढून पाहा."

मी ओढलं. पान हललं नाही. निघतंय का, हे बघायलाही तिनं मान वळवली नाही. ती दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होती.