धडधड नको, बोलणं पाहिजे

घाटंजीच्या श्रावणभाऊंना कोणी बहिरं म्हटलं की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आणि म्हणणारे काय कमी होते? किराणावाला म्हणायचा, बँकेतला शिपाई म्हणायचा, आणि घरी आलेले पाहुणे तर त्यांच्यादेखत त्यांच्या बायकोला, धुरपताबाईंना, विचारायचे, "भाऊले ऐकू येते का आता?" अरे, माणूस समोर खुर्चीत बसला आहे, त्यालाच विचारा ना! पण नाही. एकदा गावानं ठरवलं की अमक्याला ऐकू येत नाही, की मग त्याच्याशी एक तर बोंबलून बोलायचं, नाही तर बोलायचंच नाही.

"मले आवाज येते," श्रावणभाऊ सांगून सांगून थकले. "गल्लीच्या तोंडाशी ऑटो वळला तं मले समजते. बोलण्यातले बारीक अक्षरं गळून जातात फक्त. तुम्ही बोंबलता तं तेच अक्षरं मोठ्यानं गळतात!"

हे दुखणं काही आभाळातून पडलं नव्हतं. श्रावणभाऊंची सारी उमर जिनिंग फॅक्टरीत गेली. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या मशीनची लांबच लांब ओळ, वर पत्र्याचं छप्पर, आणि सीझनभर अशी घरघर की शेजारच्या माणसाला हाक मारायची तर त्याच्या खांद्याला हात लावावा लागे. धुरपताबाई तिथंच मशीनपुढं कापूस टाकायच्या, लग्न झाल्यावर दोघं एकाच सायकलवरून कामाला जात. श्रावणभाऊ फिटर. पट्टा सुटला, रूळ घासला, की यांना बोलावणं. चालत्या मशीनला कान लावून बिघाड कुठं आहे ते सांगायचे. हो, कान लावून! कानावर काही झाकायला मिळेल का, असं एकदा शेठला विचारलं, तर शेठनं ढिगाकडं बोट दाखवलं. "एवढा कापूस पडला हाय, घ्या ना पायजे तेवढा."

आणि यांनी घेतला. सगळ्यांनीच घेतला. गड्यांनी घेतला, बायांनी घेतला. पांढरेशुभ्र बोळे कानात कोंबून माणसं वर्षानुवर्षं त्या घरघरीत उभी राहिली, आणि मनात समाधान की चला, कान वाचले. पुढं यवतमाळच्या कानाच्या डॉक्टरनं सांगितलं, "कापसानं धूळ अडते हो काका, असला आवाज नाही अडत." त्या दिवशी श्रावणभाऊ इतके भडकले की धुरपताबाईंनी सोबत नेलेला डबा न उघडताच परत आला. रागवायचं तरी कोणावर? शेठ केव्हाच वर गेला होता, फॅक्टरीच्या जागेवर मंगल कार्यालय उभं राहिलं होतं.

शिबिरात कानाचं मशीन मिळालं होतं. ते घातलं की स्वयंपाकघरातलं ताट पडलं तरी डोक्यात घण बसल्यासारखं व्हायचं. ते गेलं कपाटात.

बाकी साऱ्याची त्यांनी तडजोड केली असती हो. किराणावाल्याला चिठ्ठी दाखवता येते, पाहुण्यांना चहा पाजून वाटेला लावता येतं. पण सिनेमाचं काय? तरणेपणी आठवडी बाजार आटोपला की पिशव्या बहिणीकडं ठेवून नवरा-बायको टॉकीजमध्ये जाऊन बसत. तेवढीच त्यांची चैन. आता टॉकीज घरात आली, भिंतीएवढा टीव्ही आला, आणि श्रावणभाऊ बाहेर ओट्यावर. आत धुरपताबाई आणि गल्लीतले पोट्टे खदखदून हसत, हे आपले शेजाऱ्याच्या कुत्र्याकडं पाहत बसत. आत जाऊन "काय म्हणे तो?" असं विचारावं, तोवर पडद्यावर दुसरंच काही चालू झालेलं. त्यांना एवढंच पाहिजे होतं, की धुरपताबाईंच्या शेजारी बसावं आणि पडद्यावरचा माणूस बोलला की त्याच घडीला हसावं. कोणाला न विचारता.

नागपूरला नोकरी करणाऱ्या कपिलनं, त्यांच्या मुलानं, म्हणून तर होम थिएटर धाडलं. एक रिसिव्हर, पाच स्पीकर आणि जमिनीवर ठेवायचा एक ढमढम्या, म्हणजे सबवूफर. बोलणं सारं मधल्या स्पीकरमधून येणार, असं त्यानं समजावलं. हळू आवाजात ठीक होतं. पण बापाला पुरेल एवढा आवाज वाढवला की माणसांची बोली फाटायची. कपिल फोनवर म्हणाला, "बाबा, रिसिव्हरचा दम पुरून नाही राह्यला. त्याच्या मागं बाहेरचा पॉवर ॲम्प्लिफायर लावाची सोय हाय. स्पीकर वढाचं काम तो करन. मी दिवाळीले आलो का घेऊ."

दिवाळीला दोघं यवतमाळला गेले. मोठं दुकान, काचेचं दार, छतापर्यंत रचलेले डबे. दुकानदारानं श्रावणभाऊंना स्टूल दिलं आणि कपिलला विचारलं, "काकाले कमी ऐकू येते का?"

झालं! श्रावणभाऊंनी दात-ओठ खाल्ले, पण दिवाळीचे दिवस, पोरासमोर कायले तमाशा.

दुकानदारानं वरातीतलं गाणं लावलं. आपल्या जिल्ह्यात ॲम्प्लिफायरची परीक्षा अशीच होते. नवरदेवाच्या घोडीपुढं वाजेल ते गाणं लावायचं आणि गिऱ्हाइकाचा तळहात त्याच्याच छातीवर ठेवायचा. इथं धक्का लागला की माल पास. दुकानदारानं श्रावणभाऊंचा हात धरून त्यांच्या छातीवर दाबला. "लागते का, काका? छातीत लागते का?"

"बोलणं लावा," श्रावणभाऊ म्हणाले.

"काय?"

"बोलणं! दोन माणसं बोलून राह्यले, असं काही लावा. मले काही घरी वरात नाही काढाची."

दुकानदार हसला आणि पुन्हा कपिलकडंच वळून म्हणाला, "काकाले मोठाच लागन. डीजेवाले नेतात तो देतो." आणि खरं सांगायचं तर श्रावणभाऊंनीही मान हलवली. फिटरची खोपडी ती. मशीन ओढत नाही ना, मग मोटर मोठी लावा. त्यांच्या हातून आयुष्यभर हेच झालं होतं, आणि फॅक्टरीत ते चालतही होतं.

घरी आणून तो अवजड डबा जोडला. चालू करताच त्याच्यातला पंखा घरघरायला लागला. सिनेमा लावला तर फळीवरचे पेले नाचायला लागले, खिडकीची काच वाजायला लागली, आणि बोलणं? पहिल्यापेक्षा मोठं, पण तसंच चिंध्या झालेलं. वर त्या पंख्याची भुणभुण.

"अजी," धुरपताबाई पदरानं घाम पुसत म्हणाल्या, "तुम्ही तं जिनिंगच आणली घरात."

कपिलची सुट्टी संपली होती, तो नागपूरला निघून गेला. श्रावणभाऊंनी दुसऱ्याच दिवशी डबा पोत्यात घातला आणि एसटीनं एकटे यवतमाळला. दुकानदारानं पोत्याकडं पाहिलं आणि हातवारे करत कानाशी ओरडला, "काका, ॲम्प बराबर हाय! कान खराब हाय!"

इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं तिथं बाहेर आलं. "कान खराब हाय म्हणून तं आलतो ना बे तुह्याकडं! लंगड्याले काठी विकाची आन वरून म्हणाचं, काठी बराबर हाय, पाय खराब हाय? मी काय मागतलं होतं? बोलणं मागतलं होतं. तू धडधड बांधून देल्ली. दुकानात एक बी असा माणूस नाही का ज्याले गिऱ्हाइकाशी बोलता येते?" दुकानातली गिऱ्हाइकं वळून पाहायला लागली. दुकानदारानं डबा ठेवून घेतला आणि पैसे परत केले.

रागारागात ते बसस्टँडकडं निघाले, तर मागच्या गल्लीत जुनेद नावाच्या माणसाचं दुकान दिसलं. ॲम्प्लिफायर विकतो, दुरुस्तही करतो, एका खोलीचं दुकान. श्रावणभाऊ आत शिरले ते भांडायच्याच तयारीनं. जुनेदनं हातातलं काम बाजूला ठेवलं, त्यांच्या समोर येऊन बसला आणि न ओरडता, सावकाश विचारलं, "काका, तुमाले ऐकाचं काय हाय?"

श्रावणभाऊंना त्या सवालाचाही राग आला. "एवढा सिधा सवाल! डॉक्टरनं नाही विचारला, दुकानवाल्यानं नाही विचारला, माह्या सख्ख्या पोट्ट्यानं नाही विचारला!"

"आता मी विचारून राह्यलो ना," जुनेद हसला. "सांगा."

सगळं ऐकून त्यानं कपाटातून एक लहानसा, बिनपंख्याचा ॲम्प्लिफायर काढला. समोरच्या तीन स्पीकरपुरताच. श्रावणभाऊ त्या डब्याकडं संशयानं पाहत राहिले. एवढासा? त्यांची फिटरची खोपडी पुन्हा आडवी आली. जुनेदनं बोलणं लावलं, दोन बाया नळावर भांडत होत्या असं काहीतरी, आणि आवाज वाढवत नेला. फाटला नाही. "पण एक ध्यानात घ्या, काका. हे कान दुरुस्त करत नाही. बोलणं फाटणार नाही आन पंखा मधात येणार नाही, एवढंच बोलतो. बाकी ते कानाचं मशीन कपाटातून काढा आन जमवून घ्या."

दुसऱ्या दिवशी तो घरी येऊन जोडून देऊन गेला. आल्या आल्या कपाळाला हात लावला, कारण कपिलनं मधला स्पीकर शोकेसमध्ये, काचेच्या दारामागं, बाहुल्यांच्या शेजारी ठेवलेला. तो बाहेर काढून टीव्हीखाली मांडला, ढमढम्याचा आवाज उतरवला, मधल्याचा चढवला. धुरपताबाईंनी त्याला बळंच जेवायला बसवलं.

संध्याकाळी दोघंच घरी. जुना विनोदी सिनेमा लागला होता. भाडेकरूनं खोलीत बकरी लपवलेली, आणि घरमालक दारात. बकरी आतून ओरडते. घरमालक विचारतो, कोण आहे आत? भाडेकरू म्हणतो, "सासूबाई आल्या आहेत, घसा बसलाय त्यांचा."

श्रावणभाऊ हसले. त्याच घडीला हसले! वाक्य कानात आलं होतं, अख्खं, शेवटच्या अक्षरासकट. डोळ्यात पाणी येईस्तोवर हसून त्यांनी शेजारी पाहिलं.

धुरपताबाई हसत नव्हत्या. पडद्याकडं टक लावून बसल्या होत्या, पुढं वाकून.

"काहून वो? नाही आवडला का?"

"समजून राह्यलं," त्या हळूच म्हणाल्या. "तो काय म्हणते, ते समजून राह्यलं मले."

"म्हणजे? आन आजवर?"

"आजवर पोट्टे हसले का मी बी हसत होती."

श्रावणभाऊंनी टीव्हीचा आवाज बंद केला. राग सवयीनंच वर आला. "मंग बोलली काहून नाही? एवढे वर्षं? तोंड नोतं का तुले?"

आणि मग धुरपताबाई, ज्यांनी घरात कधी आवाज चढवला नव्हता, त्यांच्याकडं वळल्या. "कोणी विचारलं मले? तुमचे कान तपासाले यवतमाळले नेले, तुम्हाले शिबिरात नेलं, तुमच्यासाठी पोट्ट्यानं पेट्या धाडल्या. दवाखान्यात मी बी आलती ना? तुमच्या मागंच बाकावर बसून डबा सांभाळला. डॉक्टरनं जिनिंगचं नाव काढलं तवा एकानं तरी माह्याकडं पाह्यलं? तुम्ही तं मशीन बिघडल्यावर याचे, कान लावाचे आन निंघून जाचे. मी दिवसभर तिथीच उभी राहो."

श्रावणभाऊंनी तोंड उघडलं. शेठ, डॉक्टर, दुकानदार, गाव, साऱ्यांना द्यायच्या शिव्या जिभेवर तयार होत्या.

धुरपताबाईंनी त्यांच्या हातातून रिमोट घेतला आणि आवाज परत चालू केला.

"आता तुम्ही चूप बसा," त्या म्हणाल्या. "मले ऐकू द्या."