डाव्या हाताला हत्ती

विभा सोहोनीला जपानी भाषा कुठल्या क्लासने शिकवली नाही. ती शिकवली शेजारच्या होरिउचिबाईंनी, जपानी रीतीने म्हणायचं तर होरिउचि-सान यांनी, स्वतःच्या स्वयंपाकघरात, मुळा किसता किसता. त्यामुळे विभाच्या जपानीला आजही सत्तरी ओलांडलेल्या तोक्योकर बाईची ढब आहे, आणि ऑफिसातली तरुण मुलं तिच्या काही शब्दांना गालातल्या गालात हसतात.

दोघींची खरी ओळख झाली ती मार्च २०११च्या मोठ्या भूकंपात. विभा तेव्हा तोक्योच्या ओजिमा भागातल्या एका उंच सरकारी इमारतीत नवव्या मजल्यावर राहत होती. पुण्याहून येऊन दीडेक वर्ष झालं होतं. नवरा शैलेंद्र पोस्टडॉक होता आणि त्याची लॅब शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. पदरात दहा महिन्यांची कश्मिरा. शेजारच्या बाईंशी लिफ्टमध्ये मान लववण्यापलीकडे संबंध नव्हता. त्या दुपारी घर हलायला लागलं आणि थांबेचना. विभा लेकीला पोटाशी धरून टेबलाखाली बसली. फडताळातले डबे खाली येत होते, जमिनीवर पोहे आणि साबुदाणा एक झाले होते. हलणं जरा थांबलं तशी दारावर थाप पडली. दारात होरिउचि-सान, डोक्यावर पिवळं हेल्मेट आणि हातात दुसरं. दुसरं त्यांनी न विचारता विभाच्या डोक्यावर चढवलं, कश्मिराला उचललं आणि दार उघडं राहावं म्हणून त्यात चपला अडकवल्या. मग त्या तिथेच उंबऱ्याशी बसून राहिल्या. फोन लागत नव्हते, गाड्या बंद होत्या. शैलेंद्र चालत चालत दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोहोचला तेव्हा बायको आणि मुलगी शेजारणीच्या गादीवर गाढ झोपल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात, अणुभट्टीच्या बातम्यांच्या धास्तीने, ओजिमातली निम्मी भारतीय घरं रिकामी झाली. विभाही वडिलांच्या आग्रहाखातर कश्मिराला घेऊन पुण्याला गेली आणि मे महिन्यात परत आली. परत आली तेव्हा बाल्कनीतली तुळस तजेलदार होती आणि तिला रोज पाणी घालणाऱ्या होरिउचि-सान दारात उभ्या होत्या. त्या दिवसापासून त्यांच्या घरचं दार विभाला परकं राहिलं नाही. कश्मिरा त्यांना ‘ओबाआचान’ म्हणजे आजी म्हणायला लागली, आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जपानीत उत्तर द्यायचं हेही तिथेच शिकली.

होरिउचि-सान विधवा होत्या. एकुलता एक मुलगा ताकायुकि दूर सप्पोरोला. तरुणपणापासून त्या तोक्योतल्याच इताबाशी भागात एका लहानशा कारखान्यात दुर्बिणींची भिंगं तपासायचं काम करत. भिंग उजेडात धरायचं, तिरपं करायचं, ओरखडा शोधायचा. “मालक सांगायचे, आपल्या दुर्बिणी आफ्रिकेत जातात, लोक त्यातून सिंह बघतात,” त्या विभाला म्हणाल्या होत्या. “मला वाटायचं, सुट्टी मिळाली की एकदा जाऊन यावं. मग मूल झालं, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. मग कारखानाच बंद झाला.” एवढं सांगून त्या पुन्हा मुळा किसायला लागायच्या.

आणि मग त्यांचे डोळे गेले. एकदम नव्हे, हळूहळू, आणि तेही मधोमध. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग निकामी होत चालला होता. ज्याच्याकडे सरळ बघावं तेच नाहीसं व्हायचं आणि कडेकडेचं तेवढं दिसायचं. समोर बसलेल्या विभाचा चेहरा दिसायचा नाही, तिच्या मागची खिडकी दिसायची. डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकवायचा प्रयत्न करू, गेलेलं परत येणार नाही. त्या दिवशी दवाखान्यातून होरिउचि-सान विभाबरोबर घरी आल्यावर त्यांनी चहा केला आणि म्हणाल्या, “बिबा-सान,” ‘विभा’ त्यांना कधी जमलंच नाही, “मला आफ्रिकेला जायचंय.”

एका पर्यटन कंपनीने अत्यंत नम्रपणे नकार दिला. ग्रुपच्या वेळा ठरलेल्या असतात, इतर प्रवाशांची गैरसोय होईल वगैरे. दुसरीनेही तेच सांगितलं. मग विभानेच इंटरनेटवर शोधून टांझानियातल्या एका माणसाशी बोलणं केलं. आपली गाडी, आपला गाइड, वाटेल तिथे थांबायचं, वाटेल तितका वेळ. बरोबर कोण जाणार हा प्रश्न होताच. गाइड इंग्रजी बोलणार आणि होरिउचि-सानना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं.

“तू जा,” शैलेंद्र भांडी पुसता पुसता म्हणाला. “कश्मिराचं मी मॅनेज करतो. डबा मला येतो.”

“तुला फक्त अंडं येतं.”

“मग ती रोज अंडं खाईल. विभा, भूकंपाच्या दिवशी मी नव्हतो. त्या होत्या.”

ताकायुकिला मात्र हे अजिबात पसंत नव्हतं. त्याने फोन केला तो विभालाच. त्याचं जपानी फार अदबीचं होतं, पण आवाजातला राग लपत नव्हता. “सोहोनी-सान, माझ्या आईला दिसत नाही. ती तिथे जाऊन काय बघणार?”

शेजारी बसलेल्या होरिउचि-साननी हात पुढे केला, फोन घेतला आणि मुलाला म्हणाल्या, “ताकायुकि, लहानपणी तू रंगपेटी घेऊन सिंह काढायचास आणि मला दाखवायचास. त्या चित्रात सिंह दिसत नव्हताच, तरी मी म्हणायचे ना, वा, काय सिंह आहे!” आठवडाभराने सप्पोरोहून एक उबदार लोकरी टोपी आली. चिठ्ठी नव्हती.

२०१८च्या सप्टेंबरात दोघी किलिमांजारोच्या विमानतळावर उतरल्या. गाइडचं नाव एलिबारिकी. पन्नाशीचा, शांत, स्वतःच्या गाडीवर जिवापाड प्रेम करणारा माणूस. गाडीचं छप्पर वर उचललं जायचं, म्हणजे उभं राहून चारही बाजूंना बघता येई. होरिउचि-सान उभ्या राहिल्या नाहीत. त्या खिडकीशी बसल्या आणि विभाची बाही त्यांनी दोन बोटांत धरून ठेवली.

पहिलं अभयारण्य तारांगिरे. पाऊस सरून महिने झालेले, गवत वाळून पिवळं, आणि मध्येच गोरखचिंचेची अजस्र झाडं. विभाने कामाला सुरुवात केली. “डाव्या हाताला झेब्रे. खूप आहेत. उजवीकडे जिराफ, तीन. पुढे रानडुकरं.” बराच वेळ ती अशी प्राण्यांची हजेरी घेत राहिली.

“बिबा-सान,” शेवटी होरिउचि-सान हळूच म्हणाल्या, “झेब्रा कसा असतो ते मला ठाऊक आहे. तो करतोय काय?”

विभा ओशाळली. तिने पुन्हा बघितलं, आणि या खेपेला खरंच बघितलं. “दोघं जण उलटसुलट उभे आहेत. एकाने दुसऱ्याच्या पाठीवर मान टाकलीय. दुसऱ्यानेही. शेपट्यांनी एकमेकांच्या तोंडावरच्या माश्या हाकलतायत.”

“अस्सं,” होरिउचि-सान म्हणाल्या आणि खुदकन हसल्या. “नवरा-बायको असतील.”

एलिबारिकीने हे आरशातून पाहिलं. त्यानंतर त्याची गाडी हाकायची तऱ्हाच बदलली. इतर गाड्या वायरलेसवर प्राणी दिसल्याची बातमी आली की धूळ उडवत पळत. हा इंजिन बंद करून बसे. जेवणाच्या जागी खाली उतरायला परवानगी असे, तिथून तो होरिउचि-सानच्या हातात काही ना काही आणून देई. गोरखचिंचेचं मखमली साल असलेलं फळ, चुरगाळला की वास येणारा एक पाला, एकदा तर हत्तीची वाळून खडखडीत झालेली लीद. होरिउचि-साननी ती नाकाशी नेली, विचार केला आणि म्हणाल्या, “माझ्या माहेरच्या तातामीसारखा वास येतोय.” विभाने ते इंग्रजीत सांगितलं. तातामी म्हणजे गवताची चटई, लोक तिच्यावर झोपतात, हे ऐकून एलिबारिकी इतका हसला की त्याला डोळे पुसावे लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीकडून हत्तींचा कळप वर आला आणि सरळ गाडीच्या बाजूने निघाला. सगळ्यांत पुढची हत्तीण खिडकीपासून हाताच्या अंतरावर येऊन उभी राहिली. तिच्या श्वासाची ऊब आत येत होती. होरिउचि-साननी मान झटकन पलीकडे वळवली, पार उलट दिशेला.

“त्यांना सांगा, घाबरू नका,” एलिबारिकी कुजबुजला. “ती काही करणार नाही. त्यांनी तोंड फिरवू नये. बघून घ्यावं.”

“बघतायत,” विभा म्हणाली. “त्या अशाच बघतात.”

होरिउचि-सान मान वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून, त्यांच्या वाट्याला उरलेल्या तेवढ्या उजेडातून हत्तिणीला बघत होत्या. “भिंत आहे,” त्या म्हणाल्या. “सुरकुत्यांची भिंत. चालली. चालली.” हत्तीण गेली, मागून पिल्लं गेली, आणि त्या तशाच मान वळवून बसून राहिल्या.

न्गोरोंगोरोला मात्र धुकं पडलं. विझलेल्या ज्वालामुखीच्या त्या प्रचंड खोलगट वाडग्यात एरवी म्हणे गेंड्यापासून फ्लेमिंगोपर्यंत सगळं दिसतं. त्यांना पुढच्या गाडीचा दिवासुद्धा दिसेना. थंडी अशी की होरिउचि-साननी लोकरी टोपी कानांवर ओढून घेतली होती. विभा खट्टू झाली. एलिबारिकी तर अपराध्यासारखा माफी मागत होता.

“का बरं?” होरिउचि-सान म्हणाल्या. “आज आपण तिघंही सारखेच.” मग त्यांनी पिशवीतून तांदळाची बिस्किटं काढली आणि त्या पांढऱ्या अंधारात तिघांनी ती कुरुमकुरुम खाल्ली. कुठेतरी जवळच रानरेड्यांचं चरणं ऐकू येत होतं. गवत उपटल्याचा आवाज, संथ, एकसारखा. धुकं विरेपर्यंत दुपार झाली आणि त्यांना निघावं लागलं.

सेरेंगेटीत शेवटचे दिवस होते. तिथे एका संध्याकाळी एलिबारिकीने बाभळीसारख्या एका झाडाखाली गाडी थांबवली आणि बोट वर केलं. विभा उभी राहिली. आडव्या फांदीवर बिबट्याची मादी पसरली होती आणि तिच्या पोटाशी एक पिल्लू. आई पिल्लाचं तोंड चाटत होती. पिल्लू चुकवायला बघे आणि आई पंजाने दाबून पुन्हा चाटे. उन्हाचा शेवटचा कवडसा दोघांच्या अंगावर होता. विभाला कश्मिरा आठवली. आठ वर्षांची, सकाळी केस विंचरताना अशीच पळू बघणारी. विभा बघत राहिली. किती वेळ गेला तिला कळलं नाही.

मग तिला बाहीवरची दोन बोटं जाणवली आणि ती दचकली. ती एक अक्षर बोलली नव्हती. ती घाईघाईने खाली बसली. “माफ करा, होरिउचि-सान. मी विसरलेच. मी...”

“किती छान होतं?” होरिउचि-साननी विचारलं.

“तुम्ही हाक का नाही मारलीत?”

“तुझा श्वास थांबला होता. इतकी वर्षं शेजारी राहते, तुझा श्वास असा थांबलेला मी कधी ऐकला नाही. मध्येच कशी बोलू?” त्यांनी विभाचा हात हातात घेतला. “नऊ दिवस तू माझ्यासाठी बघतेयस. हे तुझं होतं. आता हवं तर सांग.”

विभाला जपानी शब्द सुचेनात. जे सुचले ते स्वयंपाकघरातले होते. मग तिने मराठीतच सांगायला सुरुवात केली. आई, पिल्लू, फांदी, ऊन, आणि ते लबाड तोंड फिरवणं. होरिउचि-साननी मध्ये एकदाही अर्थ विचारला नाही. त्या मान वाकडी करून ऐकत होत्या. एलिबारिकीने इंजिन चालू केलं ते सगळं सांगून झाल्यावरच.

नव्या वर्षाला ताकायुकि आईला भेटायला ओजिमाला आला. विभाने शिरा करून नेला तेव्हा तो आपल्या आईसमोर गुडघे टेकून बसला होता आणि ती त्याला धुक्याची गोष्ट सांगत होती, हात हवेत फिरवून. विभाला बघून तो उठला आणि कमरेत इतका वाकला की तिला काय करावं सुचेना, म्हणून तिने शिऱ्याचं ताट पुढे केलं. त्याने दोनदा मागून घेतला.

पुढे कोविडची वर्षं आली. होरिउचि-सानच्या डोळ्यांच्या कडाही मिटत गेल्या, आणि २०२२ साली त्या मुलाकडे सप्पोरोला राहायला गेल्या. सामानाच्या गाडीपाशी कश्मिरा त्यांच्या गळ्यात पडून रडली. विभा रडली नाही. रिकाम्या घराची फरशी पुसायला परत वर गेली तेव्हा तिला रडू आलं. आता दर रविवारी फोन असतो. बर्फ किती पडलं, विभाच्या वांग्यांच्या भाजीत कूट जास्त झालं का, असल्या गप्पा होतात.

त्याच वर्षी विभाने एक गोष्ट केली. मालवाहतूक कंपनीतली नोकरी अर्धवेळ करून घेतली आणि दृष्टिहीन माणसांना बाहेर घेऊन जाणाऱ्या मदतनिसांचं प्रशिक्षण घेतलं. वर्गात ती एकटी परदेशी होती. जिना कसा सांगायचा, दार कोणत्या बाजूला उघडतं ते कसं सांगायचं, कोपर किती पुढे ठेवायचं हे तिथे शिकवतात. परीक्षेत तिचे लेखी गुण बेताचेच होते. पण चालण्याच्या परीक्षेनंतर शिक्षिका म्हणाल्या, “सोहोनी-सान, तुमच्याबरोबर चालताना माझी घाई कमी झाली.”

तिला पहिल्यांदा नेमून दिले ओकाबे-सान, निवृत्त टॅक्सीचालक, तोंडाने फटकळ. एप्रिलमधली सकाळ होती. त्यांना ओनागि कालव्याच्या काठाने फिरायचं होतं. त्यांनी विभाचं कोपर धरलं आणि दोघं चालू लागली. विभाने सांगितलं की चेरीचा बहर सरत आलाय, पाकळ्या पाण्यावर साचल्यात, एक बदक त्यातून वाट काढत निघालंय आणि त्याच्या मागे काळ्या पाण्याची रेघ उरतेय.

ओकाबे-सान मग म्हणाले, “बोलणं जुन्या बायकांसारखं आहे तुमचं. मूळच्या कुठल्या?”

विभाने क्षणभर विचार केला. “इथलीच,” ती म्हणाली, “ओजिमाची. पुढे दोन पायऱ्या आहेत, ओकाबे-सान. सावकाश.”