लोकरीला विटाळ नाही

काकीसाहेबांना लोकरीचं विणकाम शिकायचं होतं, म्हणून मला त्या घरात पाय ठेवता आला. घरात म्हणजे मागच्या दारानं, गोठ्यालगत. त्या ओट्यावर, मी खाली गोणपाटावर. टाका घालून दाखवायचा, विणकाम जमिनीवर ठेवायचं, हात मागं घ्यायचा. मग त्या उचलणार. लोकरीला विटाळ नाही. माझ्या हाताला होता.

त्यांचे यजमान धारच्या दरबारात मोठे कामदार. त्यांच्या वाडवडिलांसारखेच माझेही मराठी फौजेबरोबर माळव्यात आले. घोड्यांचं गवत वाहत. आम्ही महार. मी मिशनातली बाई, घरोघर जाऊन प्रभूचं सांगणारी. ठरलं होतं असं, की आधी विणकाम, मग माझं सांगणं.

एक दिवस मी आईचं सांगितलं. दुष्काळात अमझेऱ्याच्या वाटेवर ती पडली. लोक बाजूनं जात होते. मिशनातल्या एका दाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, स्वतःच्या हातानं पेज पाजली. आई वाचली नाही. पण गेली ती माणसाच्या मांडीवर. मी दाईला विचारलं, आम्हाला शिवलात कशा? ती म्हणाली, मला येशू आधी शिवलाय. तिथून मी ख्रिस्ती. हे मी कुणाला सहज सांगत नाही.

काकीसाहेब टाके मोजत होत्या. म्हणाल्या, "छान आहे हो गोष्ट. बाहीचे टाके कुठून कमी करायचे?"

सांगितलं. उठले. दारात पोचले नाही तोच मोलकरणीनं माझ्या जागेवर गोमूत्र शिंपडलं.

शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. मारायला उठल्या असत्या, तर निदान वाटलं असतं की शब्द लागला. इथं काहीच लागत नव्हतं. मीही नाही, माझी आईही नाही, देवही नाही.

तशीच आमच्या उपदेशकांकडे गेले. ते देवासच्या ब्राह्मण घरातले. प्रभूपायी त्यांचं घरदार सुटलेलं. माझा फार भरवसा. ओसरीवर बसून सगळं सांगितलं. ते म्हणाले, मोठी दारं मुश्किलीनं उघडतात, बसवतील तिथं बसावं, प्रभूनंही अपमान सोसला. तेवढ्यात त्यांच्या पत्नीनं पाणी आणलं. ओसरीच्या कोनाड्यातला कानतुटका पेला. आत घासून मांडलेली पितळी फुलपात्रं मला दिसत होती.

मी विचारलं, "हा पेला कुणाचा?"

"तसं काही नाही, बाई," ते म्हणाले. "जुनी सवय."

घसा कोरडा पडला होता. तरी पेला खाली ठेवला. सोसणं हीच साक्ष, असं मला शिकवलेलं. त्या ओसरीवर कळलं, मी तोंडानं एक सांगत होते आणि गोणपाटावर बसून दुसरंच. माझं बसणंच माझ्या देवाला खोटं पाडत होतं.

पुढच्या खेपेला मी पुढच्या दारी उभी राहिले. काकीसाहेब आल्या. रागावल्या नाहीत.

"वाट चुकलीस का गं? मागून ये."

"चुकले नाही, काकीसाहेब. आता मागून येणार नाही. शेजारी बसवाल तर येईन. विणकामही शिकवीन."

त्यांनी हातातल्या अर्धवट बाहीकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. मग मोलकरणीला दार लावायला सांगितलं.

उपदेशकांनी माझं काम काढून घेतलं. बाईला गर्व झाला म्हणाले. आता मी दवाखान्याच्या चादरी धुते. बाजाराच्या दिवशी नालछ्याच्या रस्त्याला उभी राहते आणि सांगते. बायका भाजी निवडत राहतात. गाड्या धूळ उडवत जातात. परवा दुकानदार म्हणाला, "बाई, जरा हटके. गाहक को दिखता नी."

मी हटले नाही. कुणी ऐको न ऐको, सांगणार. उभी राहून सांगणार. आणि येत्या रविवारी उपासनेत, उपदेशकांच्या तोंडासमोर, पुढच्या रांगेतून त्या पेल्याचंही सांगणार.