दोन तिकिटांमधला वेळ

आमच्या गडचिरोली जिल्ह्याला आजवर रेल्वेचं स्टेशन एकच, वडसा. त्यामुळे आमच्याकडच्या माणसाला रेल्वेनं लांब जायचं म्हटलं की आधी घाम फुटतो. मला तर फुटतोच. माझ्या मोठ्या बहिणीला मात्र अशा वेळी हुरूप चढतो.

तिला आम्ही बाई म्हणतो. नागभीडच्या शाळेत मास्तरीण आहे आणि नोकरीची सगळी वर्षं वडशाहून पॅसेंजरनं अप-डाऊन करत आली आहे. इतरांच्या मोबाइलमध्ये नातवंडांचे फोटो असतात, हिच्यात गाड्यांची वेळापत्रकं. कोणती गाडी कुठं रखडते, कोणत्या स्टेशनावरून तिकीट मागितलं की जागा मिळते, हे ती एखाद्या सुगरणीनं मिठाचा अंदाज सांगावा तसं सांगते. याबद्दल मी तिची टर उडवत आलो आहे. धाकट्याच्या साक्षगंधानंतर, म्हणजे साखरपुड्यानंतर, ते बंद केलं.

धाकटा म्हणजे आमचा लहान भाऊ. हैदराबादला नोकरी करतो, तिथंच त्यानं मुलगी पसंत केली, वरंगलची, तेलुगू घरातली. साक्षगंध मुलीकडं ठरलं. म्हणजे आमचं अख्खं घर वरंगलला न्यायचं आलं. मी लगेच ट्रॅक्स जीपवाल्याला फोन लावला. भाडं ऐकलं आणि फोन ठेवला. तेवढ्या पैशात निम्मीच माणसं जाणार होती, उरलेल्यांना काय सांगायचं, हा प्रश्नच होता. वडशाहून थेट जाणारी एक्सप्रेस आमच्या दिवशी नव्हती. नागपूरला जाऊन पुढची गाडी पकडावी तर वेटिंगची यादी मारुतीच्या शेपटासारखी.

"आन् मोठीमायले ट्रॅक्समंदी कशी नेशीन?" बाईनं विचारलं. "ब्रह्मपुरी येयाच्या आंधी पिशवी मांगते ते."

खरी अडचण तीच होती. मोठीमाय म्हणजे आमच्या मोठ्या काकांची बायको. आमची आई धाकटा पाळण्यात असताना गेली. त्याला मोठीमायनं वाढवलं, तिचं बोट धरून तो चालायला शिकला. बंद गाडीत बसली की मोठीमायला मळमळतं, मग बस असो की कार. रेल्वे तेवढी मानवते. धाकट्यानं फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "पोरीची ओटी मोठीमायच भरंल. ते येत नसंल तर साक्षगंध पुढं ढकला." असं तो नुसतं बोलत नाही, करतो.

मग बाईनं चष्मा लावला. आमच्याकडं रेल्वेही एक नाही. वडसा ते बल्लारशा ही लाइन बिलासपूरकडच्या रेल्वेची, बल्लारशा मुंबईकडच्या रेल्वेचं, आणि तिथून पुढं कारभार सिकंदराबादकडचा. तीन चुलींवरचा स्वयंपाक एका पंगतीत वाढायचा, असं ते काम. बाईनं ते एका दुपारी उरकलं. बल्लारशापर्यंत पॅसेंजरचं साधं तिकीट, जे जवळजवळ फुकटच पडतं. आणि पुढं वरंगलपर्यंत स्लीपर, पण बल्लारशाहून काढलेलं. तीच गाडी, तोच डबा. नागपूरहून मागितलं तर वेटिंग, बल्लारशाहून मागितलं तर सगळ्यांना जागा. ट्रॅक्सच्या भाड्यात निम्मी माणसं गेली असती, तिथं बाईनं सगळं घर बसवलं आणि वर मुलीकडच्यांसाठी मिठाईलाही पैसे उरले. मला मनापासून कौतुक वाटलं, पण तसं बोललो नाही.

बोललो ते भलतंच. बल्लारशाला पॅसेंजर पोचणार आणि पुढची एक्सप्रेस सुटणार, यात तिनं अर्धी दुपार मोकळी सोडली होती.

"बाई, तितका वेळ बल्लारशात काय करा लागते? मधातली गाडी पकड ना."

"दोन तिकिटं अलग अलग हायेत," ती म्हणाली. "पहिली गाडी लेट झाली तं दुसरी आपल्यासाठी थांबत नाई. आन् कोनी पैसेही वापस देत नाई. तू चूप बस."

मी तोंड वाकडं केलं.

निघायच्या दिवशी मोठेबाबा, म्हणजे मोठे काका, गाईगुरांसाठी घरी राहिले, बाकी सगळे वडशाला गाडीत बसलो. मोठीमाय खिडकीशी. ब्रह्मपुरी गेलं, नागभीड गेलं, तिचं पोट शांत होतं. पुढं सिंदेवाही, म्हणजे तिचं माहेर. आमच्या घरची रीत अशी की येणाऱ्या सुनेची पहिली ओटी सासूच्या माहेरच्या लुगड्यानं भरायची, आणि ते लुगडं भावानं बहिणीच्या हातात द्यायचं. तिचा भाऊ ते घेऊन स्टेशनवर येणार होता. बाई वडशापासून तिला बजावत होती, "मोठीमाय, उतरू नोको. खिडकीतून घे."

सिंदेवाही आलं. फलाटावर तिचा भाऊ, भावजय, किटलीत चहा, ताटात हळदीकुंकू, सगळा थाट होता.

"खिडकीतून काऊन घिऊ? भीक हाये काय?" असं म्हणून मोठीमाय उतरली.

भावजयीनं बाकावर चादर अंथरली होती. मोठीमाय तिथं बसली. कुंकू लावलं, लुगडं मांडीवर आलं, भाऊ पाया पडला. चहा बशीत ओतला. मी दारातून हाका मारत होतो, तर ती मलाच हातानं थांब म्हणून खुणावत होती. माहेरचा चहा अर्धा टाकून उठायचं कसं! आणि गाडी हलली. तिनं बशी खाली ठेवून उभं राहीपर्यंत फलाट मागं गेला.

मी साखळीला हात घातला. बाईनं तो धरला.

"ओढू नोको."

"अगं, मोठीमाय राह्यली ना! आता साक्षगंध कोनाचं करतं?"

माझं डोकं फिरलं होतं. या स्वस्तातल्या तिकिटांना, पॅसेंजरला, बाईच्या वेळापत्रकांना, सगळ्यांना मी नावं ठेवली. सगळ्या डब्यासमोर. पुढची पॅसेंजर संध्याकाळी होती. बसमध्ये तिला घालणं म्हणजे तिचे हाल. बाई मात्र मोबाइल कानाला लावून उभी होती.

"मामा, फटफटी आनली हाये ना? तिले मागं बसवा आन् मूल स्टेशनले या. रस्ता रेल्वेच्या बाजूनंच हाये. मूलले आमची गाडी थांबते, समोरून मालगाडी येते. घाई नोका करू, हळू चालवा."

मामा म्हणजे मोठीमायचा भाऊ, तोही तिच्याच वयाचा. एक म्हातारा, एक म्हातारी आणि एक जुनी फटफटी. मी डोळे मिटून बसलो.

मूल आलं. गाडी थांबली. एकेरी लाइनवर मालगाडीला वाट द्यायला आमची पॅसेंजर नेहमीच उभी राहते, आणि आम्ही नेहमीच त्या मालगाडीच्या नावानं बोटं मोडतो. त्या दिवशी मी फलाटावर उभा राहून देवाकडं मागत होतो की ती अजून उशिरा येऊ दे. अखेर मालगाडी आली. कोळशाचे डबे एकामागून एक जायला लागले, आणि मला ते संपूच नयेत असं वाटत होतं.

शेवटचा डबा गेला तेव्हा स्टेशनच्या फाटकातून फटफटी आत आली. मागं मोठीमाय, पदर कमरेला खोचलेला, केस उडालेले, लुगड्याचं गाठोडं छातीशी. तिला उतरवून आम्ही डब्यात चढवलं आणि गाडी सुटली. मामा फलाटावर हात हलवत राहिला.

"पोट कसं हाये?" मी विचारलं.

"मस्त," ती म्हणाली. "वारा लागत होता ना. अशी गाडी आंधी काऊन नाई दाखवली मले?"

डब्यातली माणसं हसली. मीही हसलो.

मालगाडीपायी पॅसेंजर बल्लारशाला उशिराच पोचली. मी सुचवली होती ती मधली गाडी केव्हाच निघून गेली होती. आमची एक्सप्रेस अजून यायची होती. फलाटावर भाकरीचं गाठोडं सोडून बसलो, मोठीमायनं पाय पसरले. मी बाईच्या शेजारी जाऊन बसलो.

"एवढा वेळ मालगाडीसाठी ठेवला होता ना?"

"अर्धा मालगाडीसाठी," ती भाकरी मोडत म्हणाली. "अर्धा मोठीमायसाठी. ते सिंदेवाहीले उतरनारच, मले का मालूम नाई?"

तेव्हा मला माझी बहीण किती मोठी आहे ते कळलं. तिकीट स्वस्त कसं मिळतं ते कोणीही शिकेल. आपली माणसं कुठं चुकणार हे ओळखून, त्यांना न रागावता त्यांच्या चुकीपुरती जागा सोडणं, हे मला या जन्मी जमणार नाही. हे मी तिला तिथंच सांगितलं. ती म्हणाली, "चटनी दे."

दुसऱ्या दिवशी वरंगलला साक्षगंध झालं. मोठीमायनं ओटी भरायला लुगडं सोडलं, तर घडीवर सिंदेवाही-मूल रस्त्याची धूळ होती. मुलीकडची एकजण ते झटकायला पुढं झाली. धाकट्यानं तिला थांबवलं आणि तेलुगूत काहीतरी म्हणाला. मोठीमायला त्यातला एकच शब्द कळला, अम्मा. आयुष्यभर त्यानं तिला मोठीमायच म्हटलं होतं.

तिनं पदरानं तोंड पुसलं, धुळीसकट ते लुगडं मुलीच्या ओटीत घातलं, आणि बाईला म्हणाली, "पोरी, वापस जातानीचं तिकीट असंच काढलं ना? भावाले सांगा लागते, ओटी भरली म्हनून. सिंदेवाहीले उतरीन मी."

"काढलं ना," बाई म्हणाली. "तुहं तिकीट तेवढं सिंदेवाहीपर्यंतच काढलं हाये."