गेणबांचे उंबर आणि कोंबड्याची मान

मुठा गावचे गेणबा कोंबड्याच्या पिसावर मासे धरतात, हे प्रथम ऐकले तेव्हा मी ती थट्टा समजले. चौकशीअंती ते खरे निघाले.

गेणबा नदीकाठच्या एका बंगल्याचे रखवालदार. तिथे आलेल्या एका पाहुण्याची फ्लाय फिशिंगची, म्हणजे पिसांचे खोटे किडे गळाला बांधून मासे धरायची, मोडकी काठी त्यांच्याकडे आली. ती भेट मिळाली, असे गेणबा सांगतात. ती परत न्यायची आठवण त्यांनी पाहुण्याला केली नाही, असे त्यांच्या पत्नी चांगुणाबाई सांगतात. दोन्ही कथने एकाच वेळी खरी असू शकतात.

पावसाची सर येऊन गेली की काठावरच्या उंबराची पिकली फळे पाण्यात पडतात आणि ती टिपायला गवत्या मासे वर येतात. गेणबा गळाभोवती तांबडी पिसे गुंडाळून खोटे उंबर घडवतात आणि दोरी हवेत झुलवून ते अलगद पाण्यावर उतरवतात. पिसे कुठून येतात, हे मात्र ते सांगत नसत. इकडे चांगुणाबाईंच्या तांबड्या कोंबड्याची मान श्रावणापर्यंत पार उघडी पडली.

"मुंगूस असंल," गेणबा म्हणाले.

"मुंगूस नरडं धरतं. पिसं निवडून न्हेत न्हाई."

"मग रोग असंल."

चूक झाली ती इथे.

"रोग हाय? मग बाकीच्यांना लागायच्या आत कापते. रैवारी."

"रोगाचा कोंबडा खायाचा व्हय?"

"पिसाचा रोग रश्शात उतरत न्हाई."

घर बौद्ध; श्रावणाची आडकाठी नव्हती. खरे सांगावे तर काठी चुलीत जाणार, न सांगावे तर कोंबडा पातेल्यात. गावात आणखी एक तांबडा कोंबडा होता, पण त्या घरी कुत्राही होता.

"रैवारी मी मासा आणतो," गेणबा म्हणाले. "कोंबडा ऱ्हाऊ दे."

"आणला तर ऱ्हाईल. इकतचा नगं. बर्फाचा वास मला कळतो."

तेवढ्यावर न थांबता त्यांनी कोंबडा डालग्याखाली झाकला आणि डालग्यावर दगड ठेवला. गेणबांकडे आता एकच पिसांचे उंबर उरले.

रविवारी सकाळी पाऊस उघडला. नदीकाठी मी गेणबांच्या मागे उभी होते.

"ताई, छत्री मिटा. माशाला वाटंल, आभाळ पडलं."

पहिल्याच फेकीत गळ फांदीत अडकला. गेणबांनी दोरीला हिसका दिला, फांदी हलली आणि खऱ्या उंबरांबरोबर खोटेही पाण्यात पडले. गवत्याने नेमके खोटे उचलले. ती फेक मुद्दामच तशी केली होती, असे गेणबा आता सांगतात. मी तिथे होते, तशी नव्हती.

मासा परातीत मावणार नाही एवढा होता. आनंदाच्या भरात गेणबांनी दोरी कापली आणि गळ माशाच्या तोंडातच ठेवून मासा घरी नेला. चांगुणाबाई विळीवर बसल्या, माशाचा जबडा उघडला आणि थांबल्या. मग ओले तांबडे पीस त्यांनी कोंबड्याच्या मानेशी धरून पाहिले.

"आवं, कोंबड्याचा रोग माशाच्या तोंडात कसा गेला?"

गेणबा नदीकडे पाहत म्हणाले, "साथ असंल."

दिलेला शब्द चांगुणाबाईंनी पाळला, कोंबडा वाचला. पिसे मात्र आता त्या स्वतः काढून देतात, तीही शेपटीची, हिरवट काळी; आणि माशाचे डोके त्यांचे. शेपटीच्या पिसांचे उंबर कच्चे दिसते, अशी गेणबांची तक्रार आहे. गवत्याने ती अद्याप केलेली नाही.