जपानच्या साहेबांची सेवापूर्ती

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, जपान देशातल्या एका जगद्विख्यात कलावंताच्या निवृत्तीनिमित्त हलगी, गुलाल आणि उघड्या जीपसह निघालेली पृथ्वीतलावरची एकमेव मिरवणूक सांगली जिल्ह्यात, शिराळ्याच्या अलीकडच्या एका गावात निघाली, आणि त्या जीपमध्ये डोक्याला फेटा बांधून जपान म्हणून मी बसलो होतो. याची जपान सरकारला कल्पना नाही. असती तर सांगलीत स्टेशनरीचं दुकान चालवणाऱ्या माणसाला त्यांनी हा मान दिला असता असं मला वाटत नाही. पण सुभेदारांनी दिला, आणि सुभेदारांनी एकदा दिलेली गोष्ट परत करायची सोय नसते.

सुभेदार म्हणजे माझ्या बायकोचे धाकटे चुलते. कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मध्ये आजवर जेवढे हट्टी पुरुष जन्माला आले, त्या सगळ्यांना तराजूच्या एका पारड्यात घालून दुसऱ्यात आमच्या सुभेदारांना बसवलं, तर पहिलं पारडं वर जाईल. अंगानं मात्र ते उसाच्या वाळल्या पाचटासारखे. फौजेत अख्खी उमर घालवून घरी आले, दोन एकर ऊस, एक म्हैस आणि एक करडी मिशी एवढा संसार सांभाळू लागले. गावातले बाकीचे माजी सैनिक पारावर बसून पेन्शन आणि गुडघे या विषयांवर बोलतात. आमचे सुभेदार बसतात गोठ्यात, आणि बघतात जपानी चित्रपट. तेही हातानं चित्रं काढून केलेले. एकाच माणसाचे. त्या माणसाला ते ‘साहेब’ म्हणतात. फौजेतल्या एकाही कर्नलला त्यांनी इतक्या मनापासून साहेब म्हटलं नसेल.

एकदा दूध डेअरीचा चेअरमन हसत म्हणाला, “काय सुभेदार, ह्या वयात कार्टून बघताय व्हय?”

सुभेदारांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, एखादा जवान बूट पॉलिश न करता परेडला आल्यासारखं. म्हणाले, “कार्टून न्हवं ते. माणसानं हातानं काढलेला वारा हाय. तुमी काढून दावा बरं वारा. वारा ऱ्हाऊ द्या, म्हशीचं शेपूट काढा.”

चेअरमन दुधाचं फॅट काढण्यात तरबेज होता, पण शेपूट त्याला काढता आलं नसतं हे त्यालाही मान्य होतं.

हे वेड लागलं त्याची गोष्ट अशी. सुभेदार सीमेवर असताना त्यांची एकुलती एक मुलगी स्वाती इकडे वाढत होती. वर्षातून एकदा सुट्टीवर येणारा मिशीवाला माणूस हा आपला बाप आहे, हे तिला पटायला सुट्टी संपत यायची. एका सुट्टीत तर तिनं त्यांना “काका, तुम्ही परत कधी जाणार?” असं विचारलं. सुभेदारांनी त्या सुट्टीत बंदूक सोडून सगळं करून पाहिलं. बाहुली आणली, घोडा झाले, नाकातून आवाज काढले. पोरगी आईच्या पदरामागून बाहेर येईना. शेवटी युनिटमधल्या कुणीतरी दिलेली एक सीडी त्यांनी लावली. चित्रपट जपानी, खाली इंग्रजी अक्षरं. पोरीला वाचता येत नव्हतं, आणि बापाला एवढं भराभर वाचता येत नव्हतं. तेव्हा सुभेदारांनी स्वतःच गोष्ट सांगायला सुरुवात केली.

पडद्यावर एक मुलगी डोंगरमाथ्यावर गुरं वळावीत तसे ढग वळत होती. सुभेदार म्हणाले, “ही बघ, ही आपल्या आत्तीची नात. तिच्या म्हशी उधळल्यात.” पडद्यावर एक म्हातारा दिवा घेऊन कड्यावर उभा राहिला. सुभेदार म्हणाले, “ह्यो तिचा बाप. सुट्टी नामंजूर झालीया गड्याची, म्हणून तितनंच दिवा दावतोय.” स्वाती पदराबाहेर आली, मग चटईवर आली, मग मांडीवर. चित्रपट संपला तेव्हा तिनं त्यांना पहिल्यांदा “अप्पा” म्हटलं, असं सुभेदार सांगतात. माझ्या बायकोच्या आठवणीप्रमाणे तिनं “अप्पा, मुतायला जायचंय” असं म्हटलं होतं, पण सुभेदार उत्तरार्ध सांगत नाहीत.

तेव्हापासून साहेबांचे सगळे चित्रपट त्या घरात सुभेदारांच्या गोष्टीनं चालले. स्वाती कॉलेजात गेल्यावर तिला खाली लिहिलेलं वाचता येऊ लागलं आणि कळलं की त्या ढगवाल्या मुलीची गोष्ट अगदी निराळी आहे. कड्यावरचा म्हातारा तिचा बाप नाहीच, दीपगृहाचा राखणदार आहे. तिनं हे अप्पांना सांगितलं. सुभेदार शांतपणे म्हणाले, “लिवणाऱ्यानं चुकीचं लिवलंय. बाप हाय त्यो. उभा कसा ऱ्हायलाय बघ की.”

आता मुख्य मुद्दा. स्वातीच्या आई, म्हणजे आमच्या काकू, गेल्या, स्वाती बंगळूरला नोकरीला लागली, आणि बापलेकीच्या मध्ये बोलायला काही उरलं नाही. भांडण नव्हतं, बरं का. भांडण असतं तर बोलले असते. ती दिवाळीला यायची ती उभ्या-उभ्या, सकाळी येऊन दुसऱ्या सकाळी परत. “जेवलीस?” “हो.” “ऊस कसा आहे?” “बरा हाय.” एवढं झालं की दोघं दोन दिशांना बघत बसायचे. पण साहेबांचा नवीन चित्रपट आला की ती पाठीवरच्या बॅगेत प्रोजेक्टर घालून यायची आणि चांगली चार दिवस राहायची. सुभेदार गोठ्याच्या भिंतीला चुना मारून ठेवायचे, दावणीची म्हैस दुसऱ्या अंगाला बांधायचे, आणि भिंतीवर जपान उतरायचं. मीही एकदा होतो. म्हशीनं मध्येच मान वर केली आणि अख्ख्या समुद्रावर दोन शिंगं उगवली. सुभेदार सारखे चित्रपट थांबवायचे. “हे गवत बघा पावणं. पश्चिमेचं वारं हाय. आता पाऊस येणार.” आणि खरोखर पुढच्या दृश्यात पाऊस यायचा. मग गोष्टीवरनं बापलेकीची जुंपायची. ती म्हणायची, “अप्पा, ती मावशी नाही, चेटकीण आहे.” ते म्हणायचे, “मावशीच. शिराळ्याची दिसतीया.” त्या चार दिवसांत त्या घरात जेवढं बोललं जायचं, तेवढ्यावर सुभेदार पुढचा चित्रपट येईपर्यंत काढायचे. आणि साहेब एकेका चित्रपटाला वर्षानुवर्षं लावायचे.

साहेबांच्या चाहत्यांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. साताऱ्यापासून सांगलीपर्यंतची शे-दीडशे पोरं. स्वातीनं सुभेदारांना त्यात घातलं होतं. पोरं रंगसंगतीवर चर्चा करायची आणि सुभेदार रोज सकाळी ‘जय हिंद’ घालायचे. एके दिवशी ग्रुपवर बातमी आली की साहेब निवृत्त झाले. आता नवीन चित्रपट नाही. झालं, हाहाकार उडाला. साताऱ्याच्या एकानं लिहिलं, ‘माझं बालपण आज संपलं.’ कऱ्हाडच्या एका मुलीनं नुसतीच रडणारी तोंडं पाठवली, स्क्रीनभर. विट्याच्या एकानं जेवण सोडल्याचं जाहीर केलं आणि तासाभरानं मिसळीचा फोटो टाकला. या आक्रोशात सुभेदारांचा संदेश आला: ‘रडू नये. साहेबांनी सेवा पूर्ण केली आहे. मिरवणूक कोणी काढली का? सुभेदार (निवृत्त).’

मग स्वातीनं लिहिलं, ‘अप्पा, तिकडे मिरवणूक काढत नाहीत.’

सुभेदारांनी मला फोन लावला. आवाज असा की मला वाटलं ऊस पेटला. “पावणं, मिरवणूक काढत न्हाईत म्हणं! मग माणूस घरी जातो कसा?”

आमच्याकडे फौजी निवृत्त होऊन आला की गाव त्याला फाट्यावरून उघड्या जीपमधून वाजत-गाजत घरी नेतं. फेटा, गुलाल, पोस्टर, आयाबायांचं ओवाळणं. सुभेदारांचं म्हणणं, त्याशिवाय माणसाला आपण रिटायर झालो हे कळतच नाही. त्याचा एक पाय बराकीतच राहतो.

“पण सुभेदार, साहेब जपानात आहेत.”

“म्हणून काय झालं? देवबी लांबच आस्तोय की. पालखी निघती न्हवं?”

शेवटी ते जरा थांबून, उगीच सहज विचारल्यासारखं म्हणाले, “स्वातीलाबी कळवलंय. बघते म्हणाली. आता पिच्चर न्हाई, तवा...” आणि पुढचं वाक्य त्यांनी मिशीत ठेवलं. मला कळलं की बालपण संपलं म्हणणाऱ्या पोरापेक्षा या माणसाचं जास्त काहीतरी संपत होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी मी सकाळी पोचलो तर गावाच्या वेशीवर साहेबांचं भलं मोठं फ्लेक्स. वर ‘सेवापूर्ती सोहळा’, खाली हात जोडलेला फोटो. आता सत्कारमूर्ती स्वतः हजर नसल्यामुळे, त्यांच्या गळ्यात घालायचा हार सुभेदारांनी फोटोला घातला होता. व्हायचं ते झालं. फोटोला हार बघितल्यावर गाव वरचा मजकूर कशाला वाचतं? भजनी मंडळ टाळ घेऊन हजर. शेजारच्या एक आजी पदर डोळ्याला लावत सुभेदारांपुढे उभ्या राहिल्या.

“कवा गेलं म्हणायचं?”

“गेलं न्हाईत आजी. रिटायर झाल्यात.”

“आगं बया! मग जित्या माणसाला हार का घातलाय टांगून?”

“लांब हाईत ते, म्हणून.”

“लांब तर समदीच जात्यात बाबा,” असं म्हणून आजींनी फोटोला नमस्कार केला आणि तिथेच बसल्या. आलोच आहोत तर एक अभंग होऊन जाऊ दे, असं भजनी मंडळाचं मत पडलं. ते सुभेदारांनी सरसकट फेटाळलं, पण चहा दिला.

हार काढला. पण आता फेटा बांधायला डोकं हवं होतं. सुभेदारांनी जमलेल्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. “पावणं, तुमचं केस पिकल्यात, चष्मा हाय. शिवाय जावई हाय तुमी, तुमाला मानपान घ्यायची सवय हाय. बसा.” मी आढेवेढे घेतल्याचं नाटक केलं. खरं सांगतो, जन्मात पहिल्यांदा मला उघडी जीप मिळत होती, मी तैवान म्हणूनही बसलो असतो.

ग्रुपवरची पाच-सहा पोरं आली होती. बालपण संपलेला साताऱ्याचा मुलगा तर दाढीवाला निघाला. हलगीवाल्यांनी जाळावर हलग्या शेकून तयार केल्या. पण सुभेदार मिरवणूक सोडेनात. फाट्याकडे बघत उभे. हलगीवाला म्हणाला, “आवं सुभेदार, चामडं गार पडतंय.” “थांब रं जरा.” ऊन वर आलं. फेट्याखाली मला घाम फुटला. “कुणाची वाट बघायची हाय?” “जपानचा निरोप यायचाय,” सुभेदार म्हणाले. सगळ्यांना ठाऊक होतं तो निरोप कुठल्या गावाहून यायचा होता. हलगीवाल्यानं मुकाट्यानं पुन्हा जाळ केला.

कऱ्हाडहून येणारी एसटी फाट्यावर थांबली आणि स्वाती उतरली. पाठीवर नुसती एक छोटी पिशवी. प्रोजेक्टर नव्हता. सुभेदार दोन पावलं धावले, मग एकदम आठवण झाल्यासारखे थांबून सावधान झाले. म्हणाले, “उशीर केलास. जपान तापलंय उन्हात.” तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “दाजी, तुम्ही?” आणि रस्त्याच्या कडेला बसून हसत सुटली. सुभेदार पण हसले. हलगी कडाडली.

काय मिरवणूक झाली म्हणता! गुलालानं माझा चष्मा लाल झाला, त्यामुळे बाकीचं मी ऐकूनच सांगू शकतो. ग्रुपवरची ती पोरं हलगीपुढे नाचली. आजींनी मला ओवाळलं आणि “सुखानं ऱ्हावा, आता काम करू नगा,” असा जपानला आशीर्वाद दिला. सुभेदारांच्या दारात जीप थांबली तेव्हा त्यांनी मला सॅल्यूट ठोकला. मी थट्टेनं उलट ठोकणार होतो, पण त्यांचे डोळे पाहून हात तसाच खाली घेतला.

स्वाती चार दिवस राहिली. चित्रपट नव्हता. पहिल्या संध्याकाळी दोघं गोठ्यात कोऱ्या भिंतीसमोर बसली होती, असं मी पाहिलं. मग ती म्हणाली, “अप्पा, ती ढगवाली सांगा की. तुमची.” सुभेदारांनी घसा साफ केला. “ही आपल्या आत्तीची नात...” पुढे विसरले. तिनं पूर्ण केलं, “तिच्या म्हशी उधळल्यात.” मी हळूच घरात आलो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तिला गाडीत बसवायला आम्ही सांगली स्टेशनवर गेलो. खिडकीतून सुभेदारांनी तिला गुळाची ढेप दिली, पाण्याची बाटली दिली, परत मागे होऊन ताठ उभे राहिले. “जेवून घे.” “हो अप्पा.” पुन्हा तीच जुनी दोन-दोन शब्दांची शांतता आली, आणि मला वाटलं, संपलं, आता साहेब गेले आणि हीही गेली. गाडी हलली. खिडकी पुढे सरकली. सुभेदार जागच्या जागी उभे होते. आणि एकाएकी फौजेतली सगळी शिस्त फलाटावर टाकून ते गाडीबरोबर धावायला लागले आणि अख्ख्या सांगली स्टेशनला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले,

“स्वाते, पुढल्या साली परत रिटायर करू की त्यास्नी! येशील न्हवं?”